घाण्याचे तेल आणि घोड्याची किंमत

कोयनाकाठच्या आमच्या पाटणात पोरे आज शाळेत ‘क्ष’ची किंमत काढतात. बीजगणिताच्या इतिहासात ज्या पाटणचे नाव येते ते मात्र हे नव्हे. ते खानदेशात, चाळीसगावजवळ. तेथील शिलालेख शके ११२८चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने तेथे मठ काढला, असे त्यात कोरले आहे. प्रशस्ती संस्कृतात आहे. मठाच्या खर्चाची तरतूद मात्र मराठीत: बाजारात येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजकुलाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले, घाण्यामागे पळी-पळी तेल दिले. ज्ञान देवभाषेत आणि वसुली लोकभाषेत! जुन्या मराठीचा नमुना म्हणून या लेखाचे कौतुक होते. ज्याच्या घाण्याचे तेल मठाच्या दिव्यात जळले त्याचे पोर त्या उजेडात बसू शकत होते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वेशीबाहेरच्यांची तर गोष्टच सोडा.

त्या मठात जे शिकवायचे ते काय होते? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तील एक उदाहरण पाहा. एकाजवळ ६ घोडे व ३०० रूपे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रूपांचे कर्ज. दोघांची मत्ता सारखी. तर घोड्याची किंमत काय? अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणतात. थोडक्यात ‘या’.

६ या + ३०० = १० या − १००

घोडे एका बाजूला घ्या, रूपे दुसऱ्या बाजूला. ४ घोड्यांचे ४००, म्हणून एक घोडा १००चा. रीत निर्मळ आहे. तिला जात नाही. वजा राशीला ‘ऋण’ म्हणण्याची चाल ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातही (इ. स. ६२८) आहे. घोड्याचे माहीत नाही, पण ऋण म्हणजे काय हे आमच्या वस्तीला शिकवावे लागले नसते.

हा ग्रंथ शाहजहानच्या काळात फारसीत गेला. १८१७ साली कोलब्रुकने तो संस्कृतातून इंग्रजीत आणला. कंपनीच्या नोकरीतील गोऱ्याला संस्कृत शिकता आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात नाव दाखल झालेल्या भिवा रामजीला ते शिकता आले नाही. शालेय जीवनात त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. पुढे मुंबईत संस्कृत नाकारल्यामुळे बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली. तेथेच एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकाने त्यांना उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा सवर्ण मुले फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे उचलायला धावली. धनंजय कीरांनी चरित्रात हे नोंदविले आहे. डबे हलविल्यावरच त्यांना फळ्याशी उभे राहता आले.