‘पेटंट पब्लिश झालं’ म्हणजे पेटंट मिळालं का? बायोप्सीच्या एका कॅसेटवरून समजून घ्या

कॉलेजच्या पेजवर प्राध्यापकांचा फोटो, शेजारी सरकारी दिसणारा एक कागद आणि खाली ‘पेटंट पब्लिश झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. अशा पोस्ट तुमच्याही फीडमध्ये येत असतील. पण पेटंट पब्लिश होणं आणि पेटंट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पब्लिश होतो तो फक्त अर्ज. त्याची तपासणी तेव्हा बहुधा सुरूही झालेली नसते.

मग ही तपासणी करतं कोण आणि त्यात बघतात काय? नाशिकला जवळचं एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकमध्ये, म्हसरूळला आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यातली बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयं जोडलेली आहेत आणि तिथे पॅथॉलॉजीत एमडी करणाऱ्यांचे प्रबंध इथेच सादर होतात. दुसरीकडे सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत प्लास्टिकचे आणि धातूचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. लॅबमधली अडचण माहीत असलेले लोक आणि वस्तू घडवून देणारे लोक एकाच शहरात. बायोप्सीचा तुकडा हाताळायचं एखादं नवं उपकरण इथे कुणाला सुचलं, तर नवल वाटायला नको.

तुकडा तपासायला पाठवला, पुढे काय?

गाठीचा किंवा आतड्याचा तुकडा काढला की तो फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, म्हणजे सडत नाही. ऊती टिकवण्यासाठी आणि घट्ट करण्यासाठी फॉर्मॅलिनचा उपयोग होतो, हे जर्मनीच्या फर्डिनांड ब्लुम यांनी १८९३ मध्ये दाखवलं आणि ते आजही चालू आहे. लॅबमध्ये हा तुकडा प्लास्टिकच्या एका छोट्या जाळीदार डबीत ठेवतात. तिला कॅसेट म्हणतात आणि तिच्या तिरप्या कडेवर पेशंटचा नंबर असतो. कॅसेट मशीनमध्ये जाते. अल्कोहोलने तुकड्यातलं पाणी काढतात, झायलीनने अल्कोहोल काढतात आणि मग त्यात वितळलेलं मेण भरतात. मेणाचा ब्लॉक थंड झाला की मायक्रोटोमवर त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही पातळ काप. तो काचेच्या स्लाइडवर घेऊन रंगवला की डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघतात आणि रिपोर्ट देतात.

यातली बरीच कामं आजही हाताने होतात, आणि अडचणी तिथेच येतात. सुईने काढलेला तुकडा दोऱ्याएवढा असतो, तो जाळीतून निसटू शकतो. मेणात बसवताना तो आडवा व्हायला हवा, तो उभा राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे एका पेशंटच्या तुकड्याचा कण दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये किंवा स्लाइडवर जातो. लॅबवाले याला ‘फ्लोटर’ म्हणतात. तो कण कॅन्सरचा असेल आणि वेळीच ओळखला गेला नाही, तर भलत्याच माणसाच्या रिपोर्टवर कॅन्सर लिहिला जाऊ शकतो. म्हणून या छोट्याशा डबीवर जगभर इतकी पेटंटं घेतली गेली आहेत.

परीक्षक ‘उपयोगी आहे का’ एवढ्यावर थांबत नाही

समजा, नाशिकच्या एका लॅब टेक्निशियनने नवी कॅसेट बनवली. झाकणाच्या आतून स्पंजची पट्टी लावली, म्हणजे बारीक तुकडा हलणार नाही. अर्ज केला. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात जातात. सगळं काम ऑनलाइन चालतं, त्यामुळे नाशिकहून प्रत्यक्ष जायची गरज नसते.

पेटंट कायदा १९७० प्रमाणे शोधाला तीन कसोट्या लागतात: तो नवा हवा, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारा नसावा आणि उद्योगात वापरता यायला हवा. तिसरी कसोटी आपली कॅसेट आरामात पार करते. पहिल्या दोनच खऱ्या परीक्षा आहेत. परीक्षक जगभरातली जुनी पेटंटं, शोधनिबंध आणि कॅटलॉग चाळतो. त्यात त्याला स्पंज लावलेल्या कॅसेट लगेच सापडतील, कारण बारीक बायोप्सीसाठी स्पंज, जाळीच्या पिशव्या आणि फिल्टर पेपर वापरणं जुनं आहे. त्याला अमेरिकेतल्या बायोपॅथ ऑटोमेशनच्या कल्पनेवरची कॅसेटही सापडेल. ती सॅकुरा कंपनीने ‘पॅराफॉर्म’ या नावाने बाजारात आणली. त्यात कॅसेटची चौकटच तुकड्यासकट मायक्रोटोमवर कापली जाते, म्हणजे तुकडा मेणात पुन्हा हाताने बसवावा लागत नाही. अडचण तीच, पण उत्तर वेगळं. नाशिकच्या कॅसेटला या सगळ्यापुढे स्वतःचं वेगळेपण दाखवावं लागेल.

‘सहज सुचणारं’ म्हणजे काय, यावरचा भारतातला सर्वांत गाजलेला निकाल भांड्यांचा आहे. नाशिकच्या भांडी बाजारात फिरलेल्यांना तो पटकन कळेल. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या कंपनीने लेथवर भांडं फिरवताना ते घट्ट धरून ठेवायच्या पद्धतीवर पेटंट घेतलं होतं. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९७८ मध्ये ते पेटंट अवैध ठरलं. टोकदार टेलस्टॉक आधीपासून माहीत होता, तो इथे लावणं ही कारखान्यातल्या कुशल कारागिराची सुधारणा झाली, तिला शोध म्हणता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. लॅबच्या उपकरणांचे बरेच अर्ज इथेच अडतात. सुधारणा खरी असते, उपयोगी असते, पण कारागिरीच्या पातळीवरची असते.

शिवाय कायद्याचं कलम ३ आहे. त्यात पेटंट न देण्याच्या गोष्टींची यादी आहे. आधीपासून माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी शेजारी बसवली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर पेटंट मिळत नाही. कॅसेटला बारकोड आणि एलईडी दिवा चिकटवून ‘स्मार्ट कॅसेट’ म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचलेलं बरं. याच कलमातल्या ३(आय) प्रमाणे माणसावरच्या उपचाराच्या आणि निदानाच्या प्रक्रियेलाही पेटंट नाही. शरीराबाहेर, लॅबमध्ये केलेलं निदानही त्यात येऊ शकतं, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. पण ही मनाई प्रक्रियेला आहे, उपकरणाला नाही. ‘या पद्धतीने कॅन्सर ओळखा’ असा दावा लिहिला तर अडेल. ‘अशी अशी रचना असलेली कॅसेट’ असा लिहिला तर निदान या कलमाखाली अडणार नाही.

शब्दांवर एवढा जोर का?

कारण पेटंट म्हणजे शेवटी अर्जातले दावे, इंग्रजीत ज्यांना क्लेम्स म्हणतात ते. चित्र कितीही सुंदर असलं तरी हक्क दाव्यांच्या शब्दांपुरताच. अमेरिकेत व्हेंटाना आणि बायोजेनेक्स या कंपन्यांमध्ये ऊतींच्या स्लाइड आपोआप रंगवणाऱ्या यंत्रावरून खटला झाला. वाद ‘डिस्पेन्सिंग’ या एका शब्दाचा होता. बाटलीतून द्रव थेट स्लाइडवर सोडणं म्हणजेच डिस्पेन्सिंग, की नळीने आधी ओढून मग सोडणंही त्यात येतं? खालच्या कोर्टाने पहिला, अरुंद अर्थ घेतला. २००६ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला, कारण दाव्यात अशी मर्यादा कुठेच लिहिलेली नव्हती.

पब्लिश आणि ग्रँट यांच्यामध्ये काय घडतं?

अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये छापला जातो. हे जर्नल दर शुक्रवारी निघतं. घाई असेल तर फॉर्म ९ भरायचा. व्यक्ती, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांना त्याची फी २,५०० रुपये आहे आणि साधारण महिनाभरात अर्ज पब्लिश होतो. अभिनंदनाच्या बऱ्याच पोस्टमागे हे अडीच हजार रुपये असतात. यात बेकायदा काही नाही, पण कसोटी कुठलीच लागलेली नसते.

तपासणी आपोआप होत नाही, ती वेगळी मागावी लागते. त्यासाठी फॉर्म १८, फी व्यक्तींना ४,००० रुपये आणि मोठ्या कंपन्यांना २०,००० रुपये. पूर्वी त्यासाठी ४८ महिने मिळायचे, मार्च २०२४ च्या नियमांनंतर नव्या अर्जांना ३१ महिनेच मिळतात. मुदत चुकली की अर्ज मागे घेतल्यासारखा धरला जातो. सगळे अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत एक जरी महिला असली तरी जलद तपासणी मागता येते, ही सवलत अनेकांना माहीत नसते. मग परीक्षकाचा पहिला अहवाल येतो. त्यात आक्षेप असणं नेहमीचंच आहे, घाबरायचं कारण नाही. उत्तर द्यायला सहा महिने मिळतात, मागितले तर आणखी तीन. उत्तर दिलंच नाही तर अर्ज सोडून दिला असं समजतात. गरज पडली तर कंट्रोलरपुढे सुनावणी होते. मधल्या काळात कुणीही, अगदी स्पर्धक कंपनीही, पेटंट देऊ नका म्हणून विरोध नोंदवू शकते. नकार मिळालाच तर दाद उच्च न्यायालयात मागायची.

आणखी एक गल्लत डिझाइन नोंदणीची. १० वर्षांसाठी मिळणारी आणि पुढे ५ वर्षांनी वाढवता येणारी ही नोंदणी वस्तूच्या दिसण्याला असते, ती कशी काम करते त्याला नाही. तिचं सर्टिफिकेटही ‘पेटंट’ म्हणून फिरवलं जातं.

रील आधी टाकलं तर?

तर स्वतःच्याच हाताने नवेपणा घालवला. अर्जाच्या तारखेआधी उपकरण कसं चालतं हे रीलमध्ये, यूट्यूबवर किंवा कुणालाही बघता येणाऱ्या प्रबंधात उघड झालं, तर परीक्षक तेच तुमच्या विरोधात पुरावा म्हणून लावू शकतो. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सूट आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधाला. इन्स्टाग्रामला नाही. पैसे किंवा वेळ कमी असेल तर आधी तात्पुरता अर्ज करून तारीख मिळवता येते, व्यक्तींना त्याची फी १,६०० रुपये आहे. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण अर्ज द्यावा लागतो.

आणि पेटंट मिळालं म्हणजे उपकरण सुरक्षित आहे असं सरकारने म्हटलं, असंही नाही. पेशंटच्या नमुन्यांसाठी वापरलं जाणारं उपकरण वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत बसत असेल, तर वैद्यकीय उपकरणं नियम २०१७ प्रमाणे परवानगी वेगळी घ्यावी लागते.

पुढच्या वेळी अशी पोस्ट दिसली तर कागदावरचा अर्ज क्रमांक बघा. तो १२ अंकी असतो. पहिले चार अंक वर्षाचे, पाचवा ऑफिसचा. तिथे २ असेल तर अर्ज मुंबईचा. तो क्रमांक पेटंट ऑफिसच्या ‘इनपास’ या मोफत शोधयंत्रात टाकला की अर्ज नुसता पब्लिश झाला आहे, तपासणीत आहे, सोडून दिला आहे की पेटंट मंजूर झालं आहे, ते समोर येतं. मंजूर दिसलं तर नूतनीकरणही बघा. पेटंटची मुदत २० वर्षांची असली तरी तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरावी लागते, आणि ती चुकली की पेटंट संपतं.