ख्रिस्ती श्रद्धा आणि मतदान: सातारा-सांगलीत चर्चचा निवडणुकीशी संबंध किती?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत विधानसभेचे १६ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी दोन अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत: फलटण आणि मिरज. यातलं मिरज हे दक्षिण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचं जुनं केंद्र आहे. मात्र दलित कुटुंबातून ख्रिस्ती झालेली व्यक्ती या मतदारसंघात मत देऊ शकते, प्रचार करू शकते, पण उमेदवार होऊ शकत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेचा मतदानावर काय परिणाम होतो, असं विचारलं की चर्चा लगेच ‘ख्रिस्ती मतं कोणाकडे जाणार’ यावर येते. सातारा-सांगलीत या समाजाची संख्या इतकी कमी आहे की तिथे हा प्रश्न फारसा लागूच होत नाही. श्रद्धेचा संबंध इथे वेगळ्या ठिकाणी दिसतो. चर्चमधली शिकवण, मिशनच्या संस्था आणि जातीच्या दाखल्याचा कायदा या तीन गोष्टींतून तो समजून घेता येतो.

इथला ख्रिस्ती समाज किती आणि कुठला?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी. त्यातले बहुसंख्य मुंबई, ठाणे, वसई आणि पुणे या पट्ट्यात राहतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे.

इथला प्रोटेस्टंट समाज मुख्यतः दोन अमेरिकन मिशनच्या कामातून उभा राहिला. सातारा, वाई, महाबळेश्वर या भागात अमेरिकन मराठी मिशन होतं, तर सांगली-मिरजेत प्रेस्बिटेरियन मिशन. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू झालं. सांगली आणि मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. पाचगणी, सातारा, सांगली इथे कॅथलिक चर्चही आहेत.

चर्च मतदानाबद्दल काय शिकवतं?

बायबलच्या नव्या करारात सरकारशी कसं वागावं याबद्दल काही प्रसिद्ध उतारे आहेत. कर भरावा, कायदा पाळावा, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी, असा त्यांचा आशय आहे. जुन्या करारात यिर्मया संदेष्ट्याने परक्या शहरात राहणाऱ्या यहुद्यांना त्या शहराच्या भल्यासाठी झटायला सांगितलं आहे. नागरिक म्हणून कर्तव्य काय, यावर प्रवचन असेल तर पाळक अनेकदा याच उताऱ्यांचा आधार घेतात. उपासनेत देशासाठी आणि सरकारसाठी प्रार्थना होते, मग सत्तेवर कोणताही पक्ष असो.

दुसरी शिकवण थेट कामातून मिळते. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळीचा कारभार पाहणारे ‘वडील’ सभासद निवडतात. अमेरिकन मराठी मिशनच्या कॉन्ग्रिगेशनल पद्धतीत महत्त्वाचे निर्णय सभासदांच्या बैठकीत होतात. या दोन्ही परंपरांतली अनेक चर्च पुढे १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली. तिथेही स्थानिक कमिटी निवडून येते. त्यामुळे उमेदवारी, मतदान, हिशेब विचारणं आणि त्यावरून होणारे वाद हे सगळं इथल्या मंडळींना घरचंच आहे.

कॅथलिक चर्चची रचना वेगळी आहे. तिथे बिशप आणि धर्मगुरूंचा अधिकार मोठा असतो. निवडणुकीच्या आधी कॅथलिक बिशपांची संघटना मतदारांना आवाहन करते. मतदान करा, संविधानाची मूल्यं जपणारे उमेदवार निवडा, असा त्याचा सूर असतो. पक्षाचं नाव त्यात नसतं.

‘अमुक पक्षाला मत द्या’ असं चर्चमधून सांगता येतं का?

नाही. याबद्दल तीन नियम माहीत असायला हवेत आणि ते सगळ्याच धर्मांना लागू आहेत.

पहिला, निवडणूक आचारसंहिता. मंदिर, मशीद, चर्च किंवा इतर कोणतंही प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरता येत नाही.

दुसरा, १९८८ चा धार्मिक संस्था गैरवापर प्रतिबंध कायदा. प्रार्थनास्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरली, तर संस्थेच्या चालकांना पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तिसरा, १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत धर्माच्या नावाने मत मागणं कलम १२३ नुसार ‘भ्रष्ट आचरण’ ठरतं. ‘मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल’ अशी भीती घालणंही याच कलमात बसतं. हे उमेदवाराच्या संमतीने झाल्याचं सिद्ध झालं, तर त्याची निवड रद्द होऊ शकते.

या कलमाचा अर्थ स्पष्ट करणारा महत्त्वाचा खटला महाराष्ट्रातलाच आहे. १९९० मध्ये मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघात झालेल्या निवडणुकीवरून अभिराम सिंग विरुद्ध सी. डी. कोमाचेन हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला. धर्माच्या नावाने मत मागण्याची बंदी फक्त उमेदवाराच्या धर्मापुरती नाही, मतदाराच्या धर्मालाही ती लागू होते, असं बहुमताने ठरलं.

मतदानाला या, नाव यादीत आहे का तपासा, पैसे घेऊन मत देऊ नका, हे मात्र कोणताही पाळक सांगू शकतो.

ख्रिस्ती समाजासाठी कधी राखीव जागा होत्या का?

होत्या. १९३५ च्या कायद्यानुसार मुंबई प्रांताच्या १७५ सदस्यांच्या विधानसभेत भारतीय ख्रिश्चनांसाठी तीन जागा होत्या आणि त्यांचा मतदारसंघही वेगळा होता. १९३७ ची निवडणूक या पद्धतीने झाली. मतदानाचा हक्क तेव्हा मालमत्ता, शिक्षण अशा अटींवर अवलंबून होता. शिवाय सातारा ब्रिटिश मुलखात होता, तर सांगली आणि मिरज ही संस्थानं होती. त्यामुळे मिरजेतल्या ख्रिस्ती माणसाला या निवडणुकीत मत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर संविधान सभेत अल्पसंख्याकांच्या राखीव जागांवर मोठी चर्चा झाली. अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. मे १९४९ मध्ये धर्मावर आधारित राखीव जागा नकोत, हा निर्णय झाला. ख्रिस्ती सदस्यांनीही त्याला पाठिंबा दिला. संख्येच्या हमीपेक्षा बहुसंख्य समाजाच्या सद्‌भावनेवर विसंबायचं, अशी त्यामागची भूमिका होती. धर्म मानण्याचं, पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य कलम २५ मध्ये कायम राहिलं.

मग मिरजेत नेमकी अडचण काय?

संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० च्या तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही.

याचा परिणाम एका उदाहरणाने समजेल. समजा, एकाच वस्तीत, एकाच मूळ जातीची दोन घरं आहेत. एक बौद्ध आहे, दुसरं ख्रिस्ती. बौद्ध घरातली व्यक्ती मिरज किंवा फलटणमधून विधानसभेला उभी राहू शकते. ख्रिस्ती घरातल्या व्यक्तीला तो अर्ज भरता येत नाही. शिष्यवृत्ती आणि नोकरीतलं अनुसूचित जातींचं आरक्षणही तिला मिळत नाही. म्हणून श्रद्धा उघडपणे सांगायची की दाखला जपायचा, हा पेच अनेक कुटुंबांपुढे येतो. २०२४ मध्ये सी. सेल्वराणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगता येणार नाही.

रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडू नये अशी शिफारस केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने याच विषयावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला.

मतपेटीबाहेर हा समाज कुठे दिसतो?

सगळ्यात आधी रुग्णालयं आणि शाळांमध्ये. मिरज आज वैद्यकीय सेवेसाठी ओळखलं जातं, त्याची सुरुवात मिशन रुग्णालयापासून झाली. वाईलाही मिशनचं रुग्णालय होतं. पाचगणीच्या जुन्या निवासी शाळांपैकी अनेक ख्रिस्ती संस्थांच्या आहेत. या संस्थांचा लाभ घेणारे बहुतेक लोक इतर धर्मांचे आहेत.

कवी नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात आले. ख्रिस्ती होणं म्हणजे देशाला परकं होणं नव्हे, हे त्यांच्या देशभक्तीपर कवितांमधून आणि जगण्यातून दिसलं. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तो खुला होता.

संख्या मोठी असेल तिथे चित्र वेगळं असतं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून पाणी, शेती आणि बिल्डरांच्या प्रश्नांवर लोकांना एकत्र केलं. सातारा-सांगलीत असं संख्याबळ नाही. म्हणून इथे आघाडी, निवेदन आणि मोर्चा हेच मार्ग उरतात.

२०२५ मध्ये ते दिसलं. सांगलीत एका विवाहितेच्या आत्महत्येनंतर धर्मांतरासाठी छळ झाल्याचा आरोप झाला. त्यावरून जतचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी धर्मांतर करणाऱ्या पाद्र्यांना मारणाऱ्यांसाठी बक्षीस देण्याचं वक्तव्य केलं. त्याच्या निषेधार्थ ख्रिस्ती संघटनांनी ठिकठिकाणी मोर्चे काढले आणि जुलैमध्ये मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलन केलं. आमदारावर कारवाई करा आणि प्रार्थनेला येणाऱ्यांना संरक्षण द्या, अशी त्यांची मागणी होती.

थोडक्यात, विधानसभेच्या निकालावर सातारा-सांगलीतल्या ख्रिस्ती मतांचा परिणाम फार कमी वेळा होईल. नगरपालिका, महापालिकेच्या एखाद्या प्रभागात मात्र काहीशे मतंही निर्णायक ठरू शकतात. तिथे खुल्या आणि महिला राखीव जागांवर ख्रिस्ती उमेदवारही उभे राहू शकतात. मिरज आणि फलटणच्या विधानसभा जागांसाठी मात्र दलित ख्रिस्ती नागरिकाची उमेदवारी आजही १९५० च्या आदेशातल्या एका परिच्छेदापाशी थांबते.