वसवण्याचा खेळ

मुंबई–नागपूर लोहमार्गावर, मलकापूर आणि शेगावच्या मध्ये नांदुरा लागते. हा मार्ग वऱ्हाडातून का गेला, हे पाहायचे तर आपण कापसाच्या मागे जायला हवे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे मोल वाढले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये नांदुऱ्याजवळच्या जलंबहून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा निघाला. कापसापाठोपाठ रूळ, रुळांपाठोपाठ जिनिंग, जिनिंगपाठोपाठ मजूर आणि दुकाने. संगणकावर सावकाश शहर वसवणाऱ्यांना हीच साखळी जुळताना पाहायची असते.

ही हौस संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवायला घेतली आणि नहरीने तिला पाणी दिले. मराठेशाहीत नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना कौल मिळे, काही वर्षे करमाफी असे, शेटे-महाजन नेमले जात. मग वाट पाहायची. पेठ हुकमाने भरत नाही, हे कौल देणाऱ्याला ठाऊक असे. दिवाळीच्या किल्ल्याखाली विहीर आणि बाजार मांडून, पेरलेले अळीव कधी उगवतात म्हणून रोज सकाळी धावणारी आपली मुलेही हेच शिकतात.

संगणकात हा खेळ शिरला तो शाळेच्या दारातून. १९६४ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील शिक्षिका मेबल ॲडिस यांनी आयबीएमच्या साहाय्याने ‘द सुमेरियन गेम’ रचला. सहावीतला विद्यार्थी लगाश नगरीचा राजा होई आणि ठरवी: पेवात धान्य किती ठेवायचे, पेरायला किती, रयतेच्या तोंडी किती. १९८९ मध्ये विल राइट यांचे ‘सिमसिटी’ आले. जे फॉरेस्टर यांच्या शहरविषयक सिद्धांतांचा त्यावर प्रभाव होता. जिंकणे-हरणे नसलेला खेळ कोण घेणार, अशी शंका प्रकाशकांना होती. लोकांनी तो उचलून धरला. १९९३ च्या ‘द सेटलर्स’मध्ये ओंडका झाडापासून सुताराच्या घरापर्यंत वाहून न्यावा लागे, तर १९९८ च्या ‘सीझर ३’मध्ये पाणी पोहोचल्याशिवाय घर वरची पायरी चढत नसे. खडकीचा धडा रोमच्या वेशात परतला होता. २०१५ मध्ये फिनलंडच्या एका छोट्या चमूने ‘सिटीज: स्कायलाइन्स’मधून तोच वारसा पुढे नेला.

आज नांदुऱ्यातला एखादा मुलगा पडद्यावर रूळ टाकतो आणि पहिले दुकान उघडण्याची वाट पाहत बसतो. प्रत्येक घरामागे पाणी, धान्य आणि रस्ता असतो, हे त्याला त्या बसण्यातून कळते. त्यानंतर स्थानकावरून मालगाडी जाते, तेव्हा ती आपल्या गावाला काय देऊन गेली, हा प्रश्न त्याला सुचतो. या खेळाचे मोल मला तिथे दिसते.