शर्यतीच्या घोड्याची वंशावळ

शर्यतीचा घोडा मैदानावर दोनतीन मिनिटेंच धांवतो. परंतु त्या धांवेमागें तीनशें वर्षांची निवड उभी असते.

थरोब्रेड हा वाण इंग्लंडांत सिद्ध झाला. इ. स. १७०४ मध्यें टॉमस डार्ले यानें अलेप्पोहून एक अरबी घोडा मायदेशीं धाडला. आज प्रत्येक थरोब्रेडचा पितृवंश तो घोडा व पूर्वेकडून आलेले दुसरे दोन, यांपैकीं एकाला जाऊन मिळतो. डार्लेच्या घोड्याचा खापरपणतू एक्लिप्स १७६४ च्या सूर्यग्रहणाच्या वेळीं जन्मला. दुसऱ्याच वर्षीं त्याचा धनी ड्यूक ऑफ कंबरलंड वारला आणि तें शिंगरूं लिलांवांत एका मांसाच्या व्यापाऱ्यानें घेतलें. १७६९-७० मध्यें एक्लिप्स अठरा शर्यती धांवला. एकही हरला नाहीं. आजचे बहुतेक थरोब्रेड त्याच्याच वंशाचे.

१७९१ सालीं जेम्स वेदरबीनें वंशावळींची वही छापली. पुढें नियम दृढ झाला, कीं मातापित्यांची नोंद नसलेला घोडा कितीही वेगवान् असला, तरी थरोब्रेड नव्हे. कृत्रिम रेतनही या नोंदीस मान्य नाहीं. घोडी अकरा महिने गर्भ वाहते व बहुधा एकच शिंगरूं देते; त्यामुळें निवड योग्य होती कीं नाहीं, हें कळण्यास तीन वर्षें तरी लागतात.

या वहीनें वेग राखला, तसाच वंश अरुंदही केला. बाहेरचें रक्त थांबलें आणि आप्तसंबंध दाटत गेले. अलेप्पोचा तो मूळपुरुष आज अवतरला, तर त्यालाच या वहींत जागा मिळणार नाहीं.