पालघरची गाडी आणि मुंबईचा संघ

14 मार्च 2024 रोजी वानखेडे स्टेडियमवर मुंबईने विदर्भाचा 169 धावांनी पराभव केला आणि रणजी करंडक 42व्यांदा जिंकला. त्याआधीचे, 41वे विजेतेपद फेब्रुवारी 2016मधले. म्हणजे मधे आठ वर्षे कोरडी गेली. या दोन्ही अंतिम सामन्यांत आपल्या पालघरचा शार्दूल ठाकूर होता. स्मरणिका समितीकडून ‘खेळावर काहीतरी लिही’ असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या कपाटातल्या कबड्डी-खोखोच्या ढाली पुन्हा मोजत बसण्यापेक्षा या एका हंगामाचा हिशेब मांडावा असे वाटले. संघ घडवला कोणी, खेळाडू हेरले कोणी, आणि त्यात बोईसर-तारापूर-नवापूर या आपल्या पट्ट्याचा वाटा नेमका किती?

आधी हंगाम पाहू. अमोल मुझुमदार यांच्यानंतर प्रशिक्षकपदाची सूत्रे ओंकार साळवी यांच्याकडे आली होती आणि त्यांचा हा पहिलाच हंगाम. कर्णधार अजिंक्य रहाणे. जिंकलेल्या संघाचे सगळेच गोड दिसते, पण धावफलक जरा निवांत वाचला की वेगळे चित्र दिसते. तामिळनाडूविरुद्धच्या उपांत्य सामन्यात समोरच्यांना 146 धावांत गुंडाळूनही मुंबईची अवस्था 7 बाद 106 झाली. तिथे नवव्या क्रमांकावर आलेल्या शार्दूलने 109 धावा काढल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधले त्याचे ते पहिले शतक. सामना मुंबईने एक डाव आणि 70 धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात पुन्हा तेच. 6 बाद 111 आणि पुन्हा शार्दूल, या वेळी 69 चेंडूंत 75. त्या जोरावर मुंबई कशीबशी 224पर्यंत पोहोचली आणि मग विदर्भ 105 धावांत गारद झाला. त्याआधी उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियनने नाबाद 120 आणि अकराव्या क्रमांकाच्या तुषार देशपांडेने 123 धावा केल्या होत्या. शेवटच्या जोडीची 232 धावांची भागीदारी! असला प्रकार आपण गल्लीत खेळतानाही कोणी मानला नसता.

आपल्या गणिताच्या सरांच्या लाल पेनाने गुण द्यायचे तर वरच्या फळीला मी काठावर पास करीन. मुशीर खानचे अंतिम सामन्यातले शतक वजा केले तर तेवढेही नाही. खालच्या फळीला मात्र विशेष प्रावीण्य. आता यात प्रशिक्षकाचे श्रेय किती? गोलंदाजांकडून नेटमध्ये फलंदाजीचा सराव करून घेता येतो, पण मार्च महिन्यात 7 बाद 106 असताना उभे राहण्याची सवय एका हंगामात लागत नाही. ती शाळेत लागते. शाळेच्या संघातला चांगला मुलगा सगळेच करतो. पहिला चेंडू तोच टाकतो, फलंदाजीला वरही तोच जातो, आणि मॅटिंग अंथरायलाही तोच असतो. पुढे मोठ्या संघात गेल्यावर त्याचे ‘गोलंदाज’ असे नाव पडते, पण हातातली बॅट काही कोणी काढून घेत नाही. कोटियनने त्या हंगामात पाचशेवर धावा आणि 29 बळी अशी दुहेरी कामगिरी केली आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

आता या खेळाडूंचे पत्ते पाहा. रहाणे डोंबिवलीचा, तुषार कल्याणचा, शार्दूल पालघरचा. आपल्या लहानपणी मुंबईचा संघ म्हटले की दादर, शिवाजी पार्क, फार तर दक्षिण मुंबईतले मैदान डोळ्यांपुढे यायचे. तो संघ आता लोकलच्या टोकाटोकांहून येतो. मुंबई क्रिकेट संघटनेच्या हद्दीत आपला भागही येतो, त्यामुळे पालघर-डहाणूचा मुलगा कागदावर मुंबईचाच. पण कागदावर असणे आणि सकाळी सातला मैदानावर असणे यात शंभरेक किलोमीटरचे अंतर आहे. तुषार देशपांडेची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. शिवाजी पार्क जिमखान्याच्या निवड चाचणीला तो फलंदाज म्हणून गेला होता. तिथे फलंदाजांची रांग लांबलचक दिसली, घरी परत कल्याणला जायचे होते, म्हणून तो गोलंदाजांच्या आखूड रांगेत जाऊन उभा राहिला. रेल्वेचे वेळापत्रकही खेळाडू घडवते म्हणायचे! त्याच मुलाने पुढे अकराव्या क्रमांकावर शतक ठोकले, हे त्यातले गमतीचे.

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये हॅरिस आणि गाइल्स या दोन ढालींसाठी शंभरहून अधिक वर्षे शाळा झुंजताहेत. या स्पर्धांत एक प्रथा पडत गेली. एखाद्या प्रशिक्षकाला मुलात काही दिसले की तो त्याला आपल्या शाळेत घेऊन यायचा. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेत होता. रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून तो दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात आला, आणि मैदान जवळ पडावे म्हणून शिवाजी पार्कला काका-काकूंकडे राहू लागला. 1988च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर त्याने आणि विनोद कांबळीने 664 धावांची भागीदारी केली. तेव्हा आपली बॅच दहावीच्या अभ्यासात बुडालेली होती. निदान घरच्यांची तशी समजूत होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातले ते आकडे आपण फळ्यावर लिहिले होते आणि मराठीच्या बाईंनी ते न पुसता बाजूच्या जागेत धडा शिकवला होता. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर तेव्हाचे आभार आता स्वीकारा.

त्या भागीदारीची गोष्ट सांगताना सगळे धावा सांगतात. मला त्यातली काकूंची खोली महत्त्वाची वाटते. दोन-तीन मैदानांवर दिवसभर खेळून आलेल्या मुलाला चालत घरी जाता येत होते आणि गेल्यावर गरम जेवण मिळत होते. रोहित शर्माचेही तसेच. आईवडील डोंबिवलीत, हा बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडे. 1999मध्ये दिनेश लाड सरांनी त्याला पाहिले आणि बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत यायला सांगितले. महिना 275 रुपये फी घरच्यांना परवडणारी नव्हती, म्हणून सरांनी संस्थेकडे शब्द टाकून ती माफ करून घेतली. त्या वेळी त्यांना रोहित दिसला होता तो ऑफस्पिन टाकणारा मुलगा म्हणून. फलंदाज नंतर सापडला.

याच लाड सरांच्या शाळेविरुद्ध 2006मध्ये तारापूर विद्यामंदिर हा बोईसरचा संघ खेळला. त्यातल्या एका मुलाने 78 धावा काढल्या आणि पाच बळीही घेतले. तो शार्दूल. आपल्याच संघाला त्रास देणारा मुलगा हेरायला प्रशिक्षकाचा डोळा लागतो, आणि थोडा मोठेपणाही. सरांनी त्याच्या वडिलांना विचारले. वडील बिचकले, आणि ते साहजिक होते. दहावीचे वर्ष तोंडावर, पालघर ते बोरिवली हा रोजचा जाण्यायेण्याचा कित्येक तासांचा प्रवास. त्यावर लाड सरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. बोरिवलीतल्या त्या घरात तो वर्षभर राहिला. त्याच काळात शालेय सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले.

या घराचा एक धागा पुढे फार सुंदर जुळला. फेब्रुवारी 2016मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला सौराष्ट्राविरुद्ध रणजीचा अंतिम सामना झाला. मुंबई त्यात एक डाव आणि 21 धावांनी जिंकली. पहिल्या डावात खालच्या जोडीदारांना हाताशी धरून 88 धावा काढणारा सिद्धेश लाड हा सरांचा मुलगा, आणि सामन्यात आठ बळी घेणारा शार्दूल हा त्या घरचा पाहुणा. एका घरातल्या ताटावर बसलेले दोघे एका विजेतेपदात! द्रोणाचार्य पुरस्कार सरांना 2022मध्ये मिळाला. माझ्या मते त्यातला अर्धा त्या घरच्या वहिनींचा.

आता आपल्या शाळेकडे येतो, कारण हे सगळे वाचताना मला एकच मुलगा आठवत राहतो. त्याने नाव छापू नको म्हणून सांगितले आहे. बॅचमधल्यांना ते सांगावे लागणार नाही. नवापूरच्या किनाऱ्यावर ओहोटीला जी कडक वाळू उघडी पडते तिच्यावर तो डावखुरी गोलंदाजी करायचा. रबरी चेंडू ओल्या वाळूवर घसरून आत यायचा आणि भरती चढेपर्यंत कोणी टिकायचे नाही. दिवाळीच्या सुट्टीत बोईसरला सीझन बॉलने एक मैत्रीचा सामना झाला. पायात उसने बूट घालून त्याने सहा बळी घेतले. मुंबईच्या एका शाळेचे शिक्षक तिथे आले होते. त्यांनी त्याला बाजूला घेतले आणि म्हणाले, ये आमच्याकडे, फी माफ करू. दोन दिवसांनी ते घरीही येऊन गेले. त्याच्या आईने त्यांना चहा दिला आणि दोनच प्रश्न विचारले, ‘पोर जेवंल कुठं? निजंल कुठं?’

त्या शिक्षकांकडे उत्तर नव्हते. वाईट माणूस नव्हते ते. त्यांची स्वतःची खोली चाळीत, घरात सहा माणसे. तेव्हा डहाणूहून थेट लोकल नव्हती, ती 2013च्या एप्रिलमध्ये आली. पहाटे नवापूरहून बोईसर, तिथून शटल, विरारला उतरून लोकल, आणि रात्री हेच उलट. खांद्याला किट. बाप होडीवर आणि घरात धाकटी तिघे. विषय तिथेच संपला. आमचा मित्र दहावीनंतर दर्यावर गेला. आज त्याच्या स्वतःच्या दोन होड्या आहेत आणि आपल्यातल्या बऱ्याच पगारदारांपेक्षा तो सुखात आहे, हेही नमूद करायला हवे. पण उत्तर असते तर काय झाले असते, हे बघायला कोणालाच मिळाले नाही.

2006 साली पालघरच्या घरात तोच प्रश्न उभा राहिला आणि तिथे उत्तर मिळाले. माझ्या हिशेबात या दोन गोष्टींमधला फरक गुणवत्तेचा नाही. खेळाडू हेरणे हे काम अर्धेच आहे. हेरल्यावर त्याच्या जेवणाची आणि अंथरुणाची सोय लावणे हे उरलेले अर्धे. प्रशिक्षकाला गुण द्यायचे तर मी या दुसऱ्या अर्ध्यावर देईन.

काही जणांचा आक्षेप मला ठाऊक आहे. गेल्या भेटीत आपल्या एका सरांनीच तो घेतला होता. मोठ्या शाळा आमची पोरे घेऊन जातात, पाच वर्षे आम्ही घडवायची आणि नाव त्यांच्या फलकावर. सरांचे दुःख खरे आहे. शार्दूलच्या बातमीत बोरिवलीचे नाव येते, बोईसरच्या शाळेचे क्वचितच. पण त्याला रोखून आपल्याला काय मिळाले असते? तालुक्याची एक ढाल. मुंबईच्या निवड समितीसमोर रोज दिसायचे तर मुंबईच्या मैदानांवर खेळावेच लागते. आणि गेल्यावरही सगळे लगेच जुळत नाही. शार्दूलने 2012मध्ये रणजीत पदार्पण केले तेव्हा पहिल्या सामन्यांत त्याच्या हाती फारसे काही लागले नव्हते. निवडकर्त्यांनी धीर धरला. 2014-15च्या हंगामात त्याने 48 बळी घेतले. 2018मध्ये हैदराबादला कसोटी पदार्पणात अवघे दहा चेंडू टाकून तो जखमी झाला. पुढची कसोटी मिळाली ती थेट जानेवारी 2021मध्ये ब्रिस्बेनला. तिथे 67 धावा, वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123ची भागीदारी आणि सामन्यात सात बळी. कठीण वेळी खाली येऊन बॅट चालवणारा हा तोच मुलगा, जो बोईसरच्या संघात दोन्ही कामे करत होता. ते शिक्षण आपल्या बाजूचे, आणि तेवढे श्रेय आपल्या भागातल्या क्रीडाशिक्षकांनी हक्काने घ्यावे.

स्मरणिकेच्या पत्त्यांच्या यादीवर नजर टाकली तर बोरिवली, वसई, विरार या पट्ट्यात आपल्या बॅचचे अकरा जण राहतात. मुले परदेशी किंवा पुण्याला, खोल्या रिकाम्या. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर शाळेच्या सध्याच्या क्रीडाशिक्षकांना मी तीच यादी देणार आहे. क्रिकेटच असले पाहिजे असे नाही. धावणारी मुलगी असेल, कबड्डीचा मुलगा असेल. विरारला माझे घर स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर आहे. बाकी दहा जणांनी आपापले अंतर त्या दिवशी सांगावे.