विसराळू खिडकी

धुळ्याहून चाळीसगांवकडे जाणारा रेल्वेचा फांटा १९०० सालीं सुरू झाला. खिडकीमागील कारकून समोरच्या उतारूस पाहून तिकिटाचा व्यवहार पुरा करी. २००२ सालीं आय.आर.सी.टी.सी.नें तिकीटविक्री इंटरनेटवर आणली, व कालांतरानें जळगांव-धुळ्याचा उतारूही घरबसल्या तिकीट काढूं लागला. या नव्या खिडकीची खोड मात्र विलक्षण: उत्तर देतांच ती विचारणाऱ्यास विसरते! टिम बर्नर्स-ली यांनीं घालून दिलेल्या एचटीटीपीच्या नियमांतच हा विसर आहे. मग गाडी निवडणारा, नांव लिहिणारा आणि पैसे भरणारा एकच, हें सर्व्हरनें ओळखावें कसें?

१९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू मॉन्टुली यांनीं ‘कुकी’ची युक्ति काढली. २००० सालीं पीएचपीच्या चौथ्या आवृत्तींत ‘सेशन’ची सोय भाषेंतच आली. क्लोकरूममध्यें सामान ठेवून पावती घ्यावी, तशी ही रीत: माहिती सर्व्हरच्या कोठींत, आणि उतारूच्या ब्राउझरपाशीं केवळ एक लांबलचक क्रमांक.

परंतु पावती ज्याच्या हातीं, सामान त्याचें! २०१० सालीं ‘फायरशीप’ या साधनानें उघड्या वायफायवरून परक्याची पावती किती सहज पळवितां येते, हें जगास दाखविलें. तेव्हांपासून सारें दळणवळण गुप्त लिपींत करण्याचा आग्रह वाढला. प्रवेशाच्या वेळीं क्रमांक बदलणें, आणि कांहीं वेळ हालचाल न दिसल्यास तो रद्द करणें, हेंही त्याच सावधगिरीचें अंग. चालू व्यवहार मध्येंच तुटला म्हणजे उतारू चिडतो. पण सायबर कॅफेंतून लॉगआउट न करतां उठलेल्याचें रक्षण तोच विसर करतो.