ऐकणाऱ्याची साक्ष

रात्र चढली, घरातील वर्दळ थांबली, की काही घरांतून रेडिओजवळचा एक दिवा तेवढा जळत राही. कान यंत्राकडे, बोटे काटा फिरविण्याच्या कळीवर आणि शेजारी वही-पेन्सिल अशा थाटात एखादा गृहस्थ तासन्‌तास खरखर ऐकत बसे. जवळच्या केंद्रावरील स्वच्छ गाणे सोडून हजारो मैलांवरचा, लाटेसारखा वर येऊन पुन्हा बुडणारा, पुष्कळदा न समजणाऱ्या भाषेतला आवाज हा का शोधतो, हे घरच्या मंडळींना कोडेच असे. या छंदाला ‘डीएक्सिंग’ म्हणतात. तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या संक्षिप्त भाषेत ‘डीएक्स’ म्हणजे अंतर. हा रिकामपणचा उद्योग, असे अनेकांना वाटले. परंतु दूरवरचे काय ऐकू आले हे प्रामाणिकपणे टिपून ठेवणाऱ्या माणसांवाचून नभोवाणीचा इतिहास पुरा होत नाही.

आरंभच पाहा. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्सच्या टेकडीवर मार्कोनी कानाला श्रवणयंत्र लावून बसला होता. वाऱ्यावर चढविलेल्या पतंगाला बांधलेली तार हाच त्याचा एरियल. अटलांटिकपलीकडे, इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील पोल्धू येथून ‘एस’ या अक्षराचे तीन ठिपके ठरल्या वेळी पाठविले जात होते. ते आपण ऐकले, असे मार्कोनीने जगाला सांगितले. पण ऐकणारे दोघेच, तो आणि त्याचा साहाय्यक केम्प. आणि काय ऐकायचे हे दोघांनाही आधीच ठाऊक! आकाशातील विजेच्या खरखरीलाच त्यांनी ठिपके मानले असावेत, ही शंका तेव्हाही निघाली आणि आजही पुरती मिटलेली नाही. म्हणून १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ जहाजातून अमेरिकेस जाताना मार्कोनीने येणारे संदेश यंत्राकरवी कागदी पट्टीवर उमटवून घेतले आणि त्यावर जहाजाच्या कप्तानाची सही घेतली. त्याच प्रवासात एक नवल ध्यानी आले. दिवसा सुमारे ७०० मैलांपुढे न पोचणारे संदेश रात्री दीड हजार मैलांवरही वाचता येत होते.

पृथ्वी गोल, मग लहरी क्षितिजापलीकडे उतरतात कशा? वातावरणात फार उंचावर विद्युत्‌वाहक थर असला पाहिजे, असा तर्क त्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे मांडला. १९२४ मध्ये ॲपल्टनने बोर्नमथ येथील प्रक्षेपकाच्या साहाय्याने त्या थराचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले; त्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांनी याच आयनांबराच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. दिवसा या थरांचा खालचा भाग मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि वरचे थर त्या लहरींना पृथ्वीकडे परतवितात. छंदिष्टांच्या जागरणाचे कारण हे असे आकाशात होते.

पण तर्क आणि सिद्धी यांच्या मधल्या काळात मोठे काम केले ते हौशी मंडळींनी. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने त्यांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरी नेमून दिल्या. दूरच्या दळणवळणाला त्या निरुपयोगी, अशी जाणकारांची समजूत होती. निरुपयोगी म्हणून मिळालेल्या त्या वतनातच हौशी मंडळींनी नांगर घातला! १९२१ च्या आरंभी अटलांटिक ओलांडण्याचा त्यांचा पहिला यत्न फसला. तेव्हा त्यांच्या संघाने पॉल गॉडली याला उत्तम ग्राहकयंत्र देऊन स्कॉटलंडला धाडले. आर्ड्रॉसन गावच्या किनाऱ्यावर डिसेंबरच्या थंडीवाऱ्यात तंबू ठोकून तो रात्रीमागून रात्री ऐकत बसला आणि कनेटिकटमधील ग्रिनिच येथील हौशी केंद्राचा पुरा संदेश त्याने उतरवून घेतला. या वेळी शेजारी तटस्थ साक्षीदारही बसविला होता. १९०१ चा धडा कोणी विसरले नव्हते. पुढे नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे ११० मीटर लहरींवर फ्रान्समधील नीस आणि अमेरिका यांचे दुतर्फी संभाषण झाले आणि लघुलहरींचे युग उजाडले. १९ डिसेंबर १९३२ रोजी बीबीसीने साम्राज्यसेवा सुरू केली ती याच लहरींवर.

दरम्यान हा छंद घरोघर पोचला होता. शिकागो शहरात दर सोमवारी रात्री स्थानिक केंद्रे मौन पाळीत, ते केवळ लोकांना दूरची केंद्रे ऐकता यावीत म्हणून! ऐकणाऱ्याने तारीख, वेळ, लहर आणि ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील लिहून केंद्राला कळवावा. केंद्राने आपल्या नोंदीशी तो ताडून पोचकार्ड पाठवावे, अशी रीत पडली. त्या कार्डांना मोल होते ते खरेपणाचे. आमच्या आकाशवाणीनेही परदेशी श्रोत्यांच्या अहवालांना अशी कार्डे पाठविली आहेत.

या शिस्तीची खरी कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धात. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने परकी केंद्रे ऐकणे गुन्हा ठरविला. ऐकलेली बातमी पसरविणाऱ्यास देहदंडही होऊ शके. उलट तेच जर्मन केंद्र अमेरिकेसाठी केलेल्या प्रचारात युद्धकैद्यांची नावे आणि घरचे पत्ते सांगू लागले. शत्रूचा डाव उघड होता : नावाच्या आशेने लोकांनी प्रचारही ऐकावा. अमेरिकेतील छंदिष्टांनी प्रचार सोडला आणि नावे तेवढी टिपली. कोण कुठली माणसे, पण त्यांनी पदरचे टपाल खर्चून त्या पत्त्यांवर कळविले, की तुमचा मुलगा जिवंत आहे, कैदेत आहे, हे आम्ही अमुक रात्री अमुक वेळी ऐकले. एकेका घरी अशी कित्येक अनोळखी पत्रे आली. एका पत्रावर विश्वास ठेवणे आईला कठीण. पण निरनिराळ्या गावांहून आलेल्या पत्रांत तेच नाव, तीच रात्र आढळली, म्हणजे तिला धीर येई.

आता लघुलहरींवरील अनेक केंद्रे मुकी झाली आहेत. रेडिओ ऑस्ट्रेलियाने ती सेवा जानेवारी २०१७ मध्ये थांबविली, बीबीसीच्या हिंदी विभागाने जानेवारी २०२० मध्ये. जगाच्या दुसऱ्या टोकाचा आवाज आज खरखरीवाचून हाती येतो. सोय झाली, यात संशय नाही. ऐकलेले पुढे पाठविणेही तितकेच सोपे झाले आहे. आणि म्हणूनच त्या जुन्या वहीची आठवण होते. तिचा नियम साधा असे. जे ऐकले तेवढेच लिहावयाचे. आवाज बुडाला तेथे जागा कोरी सोडावयाची. कैद्याचे नाव नीट कानी पडले, पण घराचा क्रमांक खरखरीत गेला, तर तो अंदाजाने भरावयाचा नाही. त्या कोऱ्या जागांमुळेच भरलेल्या ओळींवर कोणा आईला विश्वास ठेवता आला.